सावजीच्या आधी चाखा, नंतर नको

टकिला आणि व्हिस्की शेजारीशेजारी चाखायच्या असतील तर ते सावजी जेवणाआधी करा. त्या तिखटानं जीभ एकदा बधिर झाली की पुढचं सगळं सारखंच लागतं.

जोडी नीट निवडा. बिनमुरलेली ब्लांको टकिला आणि स्कॉच यांची तुलना फारशी काही शिकवत नाही. किमान १ वर्ष ओकच्या पिंपात मुरलेली आन्येहो टकिला घ्या आणि समोर बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणारी अमेरिकन व्हिस्की, ठेवा. दोन्हींत लाकडाचा व्हॅनिलासारखा गोडवा येतो. तो बाजूला सारला की खाली मक्याचा गोडपणा कुठला आणि भाजलेल्या अगावेचा (टकिला ज्या वनस्पतीपासून बनते तिचा) कुठला, हे स्पष्ट कळतं. मला तर हाच क्षण सगळ्यात आवडतो. टकिलाच्या बाटलीवर '१००% अगावे' लिहिलेलं हवंच, नाहीतर ती बनवताना आंबवलेल्या साखरेपैकी ४९ टक्क्यांपर्यंत साखर अगावेऐवजी दुसरी असू शकते.

मीठ-लिंबू नको. प्रत्येकी १५ मिली पुरे, ग्लास तोंडाशी निमुळते. आधी वास, मग छोटा घोट, मग पाण्याचे दोन थेंब टाकून पुन्हा.

नागपूरच्या मे महिन्यात मात्र बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवाच. गरम खोलीत नाकाला नुसता अल्कोहोल झोंबतो. आणि घरी जाताना गाडी दुसऱ्यानं चालवायची.