उत्तर बरोबर, तरी गुण कापले? रीत लिहिताना या चुका टाळा

पायऱ्यांना गुण असतात तिथे परीक्षकाला कागदावर दिसेल तेवढंच मोजता येतं. तोंडी केलेली पायरी त्याच्यासाठी झालेलीच नसते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक बरोबरच्या चिन्हाची:

१२ × ४ = ४८ + ७ = ५५ ÷ ५ = ११

शेवटचं ११ बरोबर आहे, पण ओळ चुकीची आहे, कारण १२ × ४ म्हणजे ५५ नव्हे. इथे ‘=’ हे ‘आता पुढे’ या अर्थाने वापरलंय. तीन ओळी करा: १२ × ४ = ४८, ४८ + ७ = ५५, ५५ ÷ ५ = ११. समीकरण सोडवतानाही एका ओळीत एकच बरोबरचं चिन्ह, आणि ती चिन्हं एकाखाली एक.

दुसरी चूक सूत्रात किमती भरताना होते. क्ष² − ५क्ष − ६ = ० हे वर्गसमीकरण घ्या, सूत्र क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) ÷ २अ. क्ष² चा सहगुणक अ = १, क्ष चा ब = −५, आणि उरलेली संख्या क = −६ हे आधी वेगळं लिहा. मग ब² − ४अक = (−५)² − ४(१)(−६) = २५ + २४ = ४९, आणि मुळं, म्हणजे क्ष च्या किमती, ६ व −१. कंस गाळले की −६ चं उणे हरवतं, २५ − २४ = १ होतं आणि मुळं ३ व २ येतात. इतकी सुबक उत्तरं पाहून शंकाही येत नाही! मूळ समीकरणात ३ ठेवून बघा: ९ − १५ − ६ = −१२, शून्य नाही. पडताळ्याला अर्धा मिनिटही लागत नाही. कंस घालून किमती भरलेली ओळ असेल, तर पुढे आकडेमोड चुकली तरी रीतीचे गुण मिळण्याची शक्यता राहते.

मध्येच पूर्णांकन नको. ५० सेमी बाजूच्या चौरसाचा कर्ण ५०√२. √२ ला १.४ धरलं तर ७० येतात, खरं उत्तर सुमारे ७०.७ सेमी. वर्गमूळ शेवटपर्यंत तसंच ठेवा.

एककं आधी सारखी करा. २ मी × ५० सेमी म्हणजे १०० नव्हे, १ चौमी.

खाडाखोड? एकच आडवी रेघ पुरे. नवी रीत पूर्ण होईपर्यंत जुनी खोडू नका. कच्चं काम त्याच पानावर उजवीकडे, रेघ मारून.

आणि घंटा व्हायला दोनच मिनिटं असतील, तर सूत्र लिहा, किमती भरा, आकडेमोड राहिली तर राहू द्या.