नवं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी झाकण उघडून बघा

कार्ड घरी येतं आणि कॅबिनेटमध्ये मावतच नाही, किंवा जोडायला वायरच नसते. हा मनस्ताप दहा मिनिटांत टाळता येतो. पीसी बंद करा, प्लग काढा, बाजूचं झाकण उघडा.

१. मागच्या पट्टीपासून समोरच्या पंख्यापर्यंत टेपने मोजा. बरेच जण पंखा सोडून थेट पत्र्यापर्यंत मोजतात आणि तिथेच साधारण २५ मिलिमीटरची फसगत होते. कार्डाची जाडीही बघा, हल्ली अडीच-तीन स्लॉटची (मदरबोर्डवर कार्ड खोचायच्या खाचांची) जागा सहज जाते.

२. पॉवर सप्लायच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) स्टिकरचा फोटो काढा. एकूण वॅटपेक्षा १२ व्होल्टच्या रकान्यातला आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण कार्ड मुख्यतः त्यावरच चालतं.

३. पॉवर सप्लायमधून कार्डाला वीज देणारे मोकळे कनेक्टर (वायरींची टोकं) मोजा. स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, ६ पिनमधून ७५, ८ पिनमधून १५०. सीपीयूचा ८ पिन वेगळा असतो, तो यात धरू नका.

कार्ड ज्यात बसतं तो मदरबोर्डचा लांब पीसीआय एक्सप्रेस स्लॉट जुन्या पिढीचा असला तरी सहसा अडत नाही.

एक मात्र सांभाळा: दुसऱ्या पॉवर सप्लायची सुटी केबल नीट बसली तरी लावू नका. आतल्या पिनांची जोडणी वेगळी असू शकते आणि कार्ड जळू शकतं.