ओठ तालात, गोदावरी संथ

कॉलेजच्या गाण्याचा व्हिडिओ एडिट करायला बसलं की पहिला मोह ट्रान्झिशन्सचा होतो. तो आवरा. गाण्यातला सगळ्यात देखणा इफेक्ट शूटिंगच्या वेळीच ठरतो: गाणारीचे ओठ बरोबर तालात आणि मागचं पाणी, ओढणी, कबुतरं मात्र संथ. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपली आणि पडद्यावर झरझर उगवून दाखवली. तीही कॅमेऱ्यातलीच करामत. आपण फक्त उलट्या दिशेने जायचं.

आधी गाण्याची दुप्पट वेगाची फाइल बनवा. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज टेम्पो’ १०० टक्के वाढवा. वेग दुप्पट होतो, पण पट्टी तीच राहते. सुरुवातीला तीन टिकटिक जोडा, म्हणजे कुठून गायचं ते कळतं. मोबाइल सेकंदाला ६० फ्रेमवर ठेवा, ही वेगवान फाइल स्पीकरवर मोठ्याने लावा आणि तिला खरंच गाऊ द्या. नुसते ओठ हलवले तर गळा स्थिर राहतो आणि स्लो मोशनमध्ये ते लगेच दिसतं.

मग ३० फ्रेमच्या टाइमलाइनवर क्लिप ५० टक्के वेगाने चालवा आणि मूळ गाण्यावर बसवा: ओठ मूळ तालावर येतात, बाकी सगळं संथ होतं. जुळवताना प, ब, म असलेला शब्द शोधा. ओठ पूर्ण मिटतात ती एक फ्रेम पकडली की बाकीची ओळ आपोआप बसते. आम्ही गोदाघाटावर सकाळी साडेसहाला उभे राहिलो. तीन मिनिटांचं गाणं दीड मिनिटात संपायचं, त्यामुळे घाटावर गर्दी व्हायच्या आत सहा टेक झाले.

माझ्या पहिल्या गाण्यात मुखडा जुळला आणि शेवटच्या अंतऱ्यापर्यंत ओठ मागे पडले. रात्रभर कट सरकवत बसले होते. दोष माझ्या मोबाइलच्या बदलत्या फ्रेम रेटचा (सेकंदाला किती फ्रेम, त्याचा) होता. म्हणून एडिटिंगआधी सगळ्या क्लिप्स हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमधून ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ करून घ्या. हे टाळू नका.

एकाच मुलाला दोनदा दाखवायचं असेल तर ट्रायपॉड, एक्सपोजर आणि फोकस लॉक करा. तो आधी डावीकडे, मग उजवीकडे उभा राहील. नंतर दोन्ही क्लिप्स एकावर एक ठेवून वरचीवर मधोमध मास्क टाका, म्हणजे तिचा अर्धा भाग झाका, आणि कडा थोडी मऊ करा. दोन्ही टेक लागोपाठ घ्या, नाहीतर ऊन सरकतं आणि दोघांच्या सावल्या वेगळ्या पडतात. नाशिकच्या पांडवलेणीवर ट्रायपॉड न्यायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा.

खोलीत ट्यूबलाइटखाली शूट करत असाल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा (६० फ्रेमला १/१००च). आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असते, दुसऱ्या शटरवर पट्टे फिरतात आणि एडिटिंगमध्ये ते धड निघत नाहीत.

कट प्रत्येक ठेक्यावर नको, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर द्या. तोही एक-दोन फ्रेम आधी. १०० बीपीएमच्या (मिनिटाला १०० ठेक्यांच्या) गाण्यात ३० फ्रेमला एक ठेका १८ फ्रेमचा होतो. मार्कर लावून ठेवा. एक्सपोर्टही ३० फ्रेमलाच करा, मग साध्या मोबाइलवर लावून फक्त ओठांकडे बघा.