लँग्वेज एक्स्चेंज ॲपवर गप्पा होतात, पण भाषा पुढे सरकत नाही? या चुका टाळा

"कशी आहेस? मी बरी. तिकडे हवा कशी आहे? सुट्टीच्या दिवशी काय करतेस?" जर्मन शिकायला लागले तेव्हा पहिले तीन महिने माझं ॲपवरचं संभाषण याच्यापुढे गेलंच नाही. माणसं बदलत होती, वाक्यं तीच. रोज अर्धा तास जात होता आणि आपला सराव चाललाय असं मला मनापासून वाटत होतं. मग एके दिवशी एकीने विचारलं, "काल काय केलंस ते सविस्तर सांग ना." मला भूतकाळातली सलग चार वाक्यं बोलता आली नाहीत.

हॅलोटॉक, टँडम यांसारख्या ॲपवरचा व्यवहार साधा आहे: मी तुला माझी भाषा देते, तू मला तुझी दे. ॲप जोडी जुळवून देतं. पुढचं सगळं, म्हणजे किती वेळ, कुठली भाषा, चुका कशा सुधारायच्या, हे दोघांनी ठरवायचं असतं. तिथे आपण गप्प बसतो आणि बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

'टँडम' म्हणजे दोघांनी चालवायची सायकल. ॲप येण्याच्या खूप आधी, १९९०च्या दशकात जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठातले लोक ई-मेलवर अशा जोड्या लावून देत होते. त्यांची दोन तत्त्वं आजही तितकीच लागू पडतात: दोघांनी एकमेकांना सारखं द्यायचं, आणि आपल्या शिकण्याची जबाबदारी ज्याची त्याने घ्यायची. काही बिनसलं की यातलं कुठलं तत्त्व मोडलंय ते मी आधी बघते. उत्तर बहुधा तिथेच सापडतं.

घाईने उतरणं

अक्षरओळख आणि दहा-वीस शब्द एवढ्यावर पार्टनर शोधू नका. भाषा किती येते ते मोजायला युरोपीय परिषदेने २००१मध्ये ए१ ते सी२ अशी सहा पायऱ्यांची जी मोजपट्टी प्रसिद्ध केली, तिच्यावर निदान ए२च्या, म्हणजे रोजच्या विषयांवर साधी वाक्यं बोलता येण्याच्या, जवळ आलात की ॲपचा खरा उपयोग सुरू होतो. त्याआधी समोरच्याला शिक्षक व्हावं लागतं आणि तो दोन दिवसांत कंटाळतो. तोवर पुस्तक, क्लास, ऐकणं यांवर भर द्या. ॲपवर नुसतं वाचायला जायला मात्र हरकत नाही.

'हाय' पाठवून वाट बघणं

उत्तरच येत नाही, ही सगळ्यांची पहिली तक्रार. आधी स्वतःची प्रोफाइल उघडून बघा. तिथे फक्त 'मला नवे मित्र करायला आवडतात' असं असेल, तर समोरच्याला धरायला काहीच नाही. तुम्ही काय वाचता, कशावर तासभर बोलू शकता, आठवड्यातून किती वेळ देऊ शकता हे लिहा, आणि जी भाषा शिकताय तिच्यात लिहा. पहिल्या निरोपात समोरच्याच्या प्रोफाइलमधली एक गोष्ट उचला आणि तिच्यावर नेमका प्रश्न विचारा. ज्यांची भाषा शिकणारे जगात भरपूर आहेत त्यांच्याकडे रोज ढिगाने 'हाय' येतात. त्यात तुमचा दिसायचा कसा?

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे बघा. आपण मराठी बोलतो आणि मराठी शिकणारे ॲपवर थोडेच असतात, म्हणून कित्येकजण 'मातृभाषा' या रकान्यात इंग्रजी टाकतात. असं करू नका. मातृभाषा मराठीच लिहा, आणि इंग्रजी चांगली येत असेल तर येणाऱ्या भाषांमध्ये तिची खरी पातळी द्या. खोट्यावर जुळलेली जोडी पहिल्या कॉलमध्येच तुटते.

पंधरा पार्टनर

सुरुवातीला चाळणी लावायची म्हणून पाच-सहा जणांशी बोलणं ठीक. महिनाभरात दोघं, फार तर तिघं ठेवा. ओळख करून देणारी वाक्यं तुम्हाला पाठ होतात ती पंधरा जणांमुळेच. एकाच माणसाशी दहाव्यांदा बोलताना हवा, घर, काम हे विषय संपलेले असतात. मग मत मांडावं लागतं, आठवण सांगावी लागते, न पटलेलं बोलावं लागतं. अवघड व्याकरणाची गरज तेव्हाच पडते.

वेळेची वाटणी न करणं

दोघांपैकी ज्याची दुसरी भाषा जास्त चांगली असते, संभाषण हळूहळू त्या भाषेत घसरतं. कोणी मुद्दाम करत नाही, सोपं पडतं म्हणून होतं. तुमचं जर्मन अडखळतं आणि तिचं इंग्रजी सफाईदार असेल, तर तासातली पन्नास मिनिटं इंग्रजीत जाणार.

यावर घड्याळ लावण्याइतका चांगला उपाय मला सापडलेला नाही. तीस मिनिटं एक भाषा, गजर वाजला की दुसरी. जी भाषा चालू आहे तिच्यातच अडखळायचं, शब्द आठवला नाही तर वळसा घालून सांगायचं. आणि सुरुवात दर वेळी कच्च्या भाषेने करायची, कारण दमल्यावर तीच सुटते. पहिल्यांदा सांगताना संकोच वाटतो. पण मी ज्यांना सुचवलं त्यांतल्या बहुतेकांनी लगेच होकार दिला. त्यांचीही हीच कुचंबणा होत होती.

"माझ्या चुका सुधार" एवढंच सांगणं

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथे. चांगल्या पार्टनरला तुमचं बोलणं तोडायचं नसतं. तुम्ही चुकीचं बोलता, तो तेच बरोबर करून सहज म्हणतो आणि पुढे जातो. तुम्ही मान हलवता. त्याला वाटतं सुधारणा केली, तुम्हाला वाटतं आपलं बरोबरच होतं. रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांनी १९९७ साली कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नेमकं हेच दिसलं. शिक्षक सगळ्यात जास्त वेळा ही पद्धत वापरत, आणि तिच्यानंतरच मुलं सगळ्यात कमी वेळा प्रतिसाद देत. वर्गात जे निसटतं ते मोकळ्या गप्पांत निसटणारच.

म्हणून आधी ठरवा. लिहिताना दर पाच-सहा वाक्यांमागे जास्तीत जास्त तीन चुका, त्याही अर्थ बिघडवणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा होणाऱ्या. बोलताना मध्ये थांबवायचं नाही, त्याने कागदावर टिपून घ्यायच्या आणि शेवटच्या पाच मिनिटांत सांगायच्या. सांगितल्यावर तुम्ही ते वाक्य स्वतःच्या तोंडाने पुन्हा म्हणायचं. ही शेवटची पायरी गाळू नका. ॲपमध्ये दुरुस्तीची सोय असते, चुकीच्या शब्दावर रेघ येते, खाली बरोबर शब्द येतो. ते बघून आभाराचा अंगठा पाठवला की काम झालं असं वाटतं. झालेलं नसतं. मी वहीत दोन रकाने करते, डावीकडे माझं वाक्य आणि उजवीकडे दुरुस्त केलेलं. पुढच्या कॉलमध्ये त्यातली दोन वाक्यं मुद्दाम वापरते.

तुम्हीही त्याच्या चुका तितक्याच आस्थेने सुधारा. 'छान लिहिलंयस' एवढंच म्हणत राहिलात तर तो निघून जाईल, आणि त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

'असं का?' हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारणं

'मी पत्र लिहिलं', पण 'मी चिठ्ठी लिहिली'. लिहिणारी मी एकच, मग क्रियापद का बदललं? शाळेतलं व्याकरण विसरलेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारून बघा. तो म्हणेल, "असंच म्हणतात." तुमचा पार्टनरही तसाच आहे. त्याला भाषा येते, नियम सांगता येतीलच असं नाही. कधी कधी तो भिडेपोटी चुकीचा नियम सांगतो आणि तो आपल्या डोक्यात घट्ट बसतो. नियमासाठी व्याकरणाचं पुस्तक उघडा. पार्टनरला विचारा, "तू हे कसं म्हणशील? अशीच अजून दोन वाक्यं दे." यात त्याच्याइतकं जाणकार कुणी नाही.

सगळं इंग्रजीतून वळवून नेणं

एका गरम दुपारी मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाले, "इश बिन हाइस." इंग्रजीत असंच म्हणतात ना, मी गरम आहे. पलीकडे क्षणभर शांतता. मग तिने हळूच सांगितलं, याचा अर्थ भलताच कामुक होतो, म्हणायचं "मिअर इस्ट हाइस". म्हणजे शब्दशः 'मला गरम आहे'. अगदी मराठीसारखं! मी मराठीतून विचार केला असता तर चुकलेच नसते.

तेव्हापासून मी आधी मराठीशी ताडून बघते. स्पॅनिश शिकणाऱ्यांना 'मे गुस्ता' फार छळतं, इंग्रजीतून आलं तर. आपल्याला का छळावं? 'मे गुस्ता एल लिब्रो' म्हणजे 'मला पुस्तक आवडतं', 'मे गुस्तान लोस लिब्रोस' म्हणजे 'मला पुस्तकं आवडतात'. क्रियापद पुस्तकाच्या संख्येप्रमाणे चालतं, दोन्हीकडे. हा ठेवा आपल्याकडे आहे, तो वापरा. सगळीकडे जुळेल असं नाही, पण आधी विचारून बघायला काय जातं?

भाषांतराचं बटण

वाचताना अडलं तर दाबा. लिहिताना नको. आधी स्वतःचं मोडकंतोडकं वाक्य पाठवा. भाषांतर करून आणलेलं सुबक वाक्य पार्टनर सुधारणार कसं? त्यात तुमची चूकच नसते. वर त्याला वाटतं तुमची पातळी वरची आहे, आणि तो त्या वेगाने बोलायला लागतो.

लिहिण्यावरून थेट कॉलवर जायची भीती वाटत असेल तर मधली पायरी घ्या: एक मिनिटाचा आवाजी निरोप. नीट जमेपर्यंत चार वेळा रेकॉर्ड केला तरी चालेल, उलट ती चार आवर्तनं हाच सराव. दोन-तीन आठवडे असं करून मग पंधरा मिनिटांचा कॉल.

एकाच माणसाची भाषा उचलणं

समवयस्क पार्टनरशी जर्मनमध्ये सहसा 'दू' चालतं, म्हणजे आपलं 'तू'. सहा महिने फक्त तेच बोललात तर अनोळखी ज्येष्ठांशी 'झी' तोंडात येत नाही. जपानीत तर क्रियापदाची रूपंच बदलतात. म्हणून अधूनमधून सोंग घ्या: पार्टनर मुलाखत घेणारा, तुम्ही उमेदवार. दहा मिनिटं पुरतात.

वेळा चुकणं

ठरलेली वेळ कुणाच्या घड्याळाची, हे लिहून ठेवा. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हाच बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. जपानात होतच नाही. 'पार्टनर आलाच नाही' या तक्रारी या आठवड्यांत हमखास येतात. रागावण्याआधी तपासा.

नको तो विश्वास

हे ॲप भाषेसाठी आहे हे सगळ्यांनाच मान्य नसतं. दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या मेसेजिंग ॲपवर या म्हणणारा, भाषेविषयी एकही प्रश्न न विचारता फोटोंवर बोलणारा, आठवडाभर गोड बोलून गुंतवणुकीचा विषय काढणारा, अडचण सांगून पैसे मागणारा, यांच्याशी वाद घालू नका. ब्लॉक करा आणि ॲपकडे तक्रार नोंदवा. घराचा पत्ता, कामाचं ठिकाण, कागदपत्रांचे फोटो कुणालाच नकोत. ठिकाण आणि वय लपवायची सोय आहे का, ते सेटिंगमध्ये पहिल्याच दिवशी बघून घ्या. विशेषतः मुलींना सांगते, कुणाला वाईट वाटेल म्हणून बोलत राहू नका. नको वाटतंय एवढं कारण पुरेसं आहे.

अचानक गप्प झालेला पार्टनर

होतं असं. परीक्षा असते, नोकरी बदलते, उत्साह ओसरतो. दोन आठवडे काहीच आलं नाही तर एकदाच, दोन ओळींचा निरोप पाठवा: "मागच्या वेळी तू तुझ्या आजीच्या घराबद्दल सांगत होतास, ते अर्धं राहिलं. वेळ मिळाला की पुढचं ऐकायला आवडेल." त्याला टोमणा नको, लांबलचक खुलासाही नको. उत्तर आलं तर दोघांना जमेल अशी नवी वेळ ठरवा, हवं तर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी. नाही आलं तर त्याने सुधारून दिलेली वाक्यं वहीत आहेतच, ती घेऊन पुढच्याला पहिला निरोप लिहा.