पेन्शन फंडासाठी कस्टोडियन नेमायचाय? आधी आडत अन् वखार यातला फरक बघा

परवा शेजारच्या जिल्ह्यातल्या एका ओळखीच्या लेखापालाचा फोन आला. "दादा, आमच्या कर्मचारी पेन्शन फंडाच्या ट्रस्टवर मला घेतलंय, ऑडिटवाल्यानं शेरा मारलाय की कस्टोडियन नेमा, आता हा कस्टोडियन नेमका असतो काय अन् भेटतो कुठं?" फोनवर अर्धा पाऊण तास बोललो, तरी निम्मं राहिलंच, म्हणून इथं लिहून काढतोय. मी स्वतः मराठवाड्यातल्या एका महापालिकेच्या लेखा विभागात बरीच वर्षं काढलीत, फंडाच्या कमिटीवर पण होतो, त्यामुळं पुस्तकातलं कमी अन् ठेच लागून शिकलेलं जास्त सांगणार.

मोंढ्यात सोयाबीन घेऊन गेलात की दोन माणसं भेटतात. एक आडत्या, जो माल विकून देतो अन् आडत घेतो. दुसरा वखारवाला, जो माल सांभाळतो, पावती देतो अन् भाडं घेतो. आता आडत्याच म्हणाला की "कट्टे माझ्याच दुकानात राहू द्या, भाव आला की विकू", तर आपल्याकडचा जुना शेतकरी मान हलवतो का? ज्याच्या हातात विक्री त्याच्याच हातात माल दिला की दिवाळीला कट्टे मोजायला जायचं अन् तिथं नुसती चिठ्ठी भेटायची, हे त्याला माहितीय. फंडात तसंच आहे बघा, रोखे घेऊन देणारा ब्रोकर किंवा फंड मॅनेजर म्हणजे आडत्या, अन् कस्टोडियन म्हणजे वखार. दोन्ही एकच नकोत, बास, बाकी सगळं या एका गोष्टीच्या पुढं येतं.

हे नुसतं तत्त्व नाही, आपल्याच भागानं याची किंमत मोजलीय. २००२ चं होम ट्रेड या ब्रोकर कंपनीचं प्रकरण जुन्या लोकांना आठवत असेल. नागपूर जिल्हा बँकेचं नाव जास्त गाजलं, २०२३ च्या डिसेंबरात तिथल्या केसचा निकाल लागला अन् शिक्षाही झाली, पण आपल्या तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्हा बँकेचे पण ३० कोटी त्यात होते, अन् खलाशांच्या भविष्य निर्वाह निधीचेही पैसे अडकले. सगळीकडं गोष्ट तीच, सरकारी रोखे घ्यायला ब्रोकरला पैसे दिले, त्यानं कागद दिला की रोखे घेतलेत, अन् रोखे कधी आलेच नाहीत. पैसे देताना समोरून माल आला का हे बघणारा तिसरा माणूस मधे नव्हता. त्यानंतर रिझर्व्ह बँकेनं आपल्या अखत्यारीतल्या बँका अन् संस्थांना सरकारी रोखे कागदावर ठेवायला बंदी केली.

आता तुम्हाला कस्टोडियन लागतो का हे आधी बघा. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांची डीसीपीएस अन् नंतर एनपीएस ही कपातीवर चालणारी नवी पेन्शन योजना, त्यात तुम्ही काहीच निवडत नाही, तिथला कस्टोडियन पेन्शनवर देखरेख करणारी पीएफआरडीए ठरवते, तिथं तुमचं काम म्हणजे दर महिन्याची कपात वेळेवर प्रान खात्यात, म्हणजे कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या पेन्शन खात्यात, जाते का ते बघणं. फंडाचा सगळा पैसा बँकेच्या एफडीत असेल तरी घाई नाही, फक्त पावत्या कपाटात ठेवू नका, कारण एकदा आमच्या कपाटात एक पावती सापडली जिची मुदत संपून १४ महिने झाले होते अन् तिच्यावर नेहमीचं व्याजच नव्हतं, बचत खात्याचा दर चालू होता. पण फंडात केंद्राचे रोखे, राज्य विकास कर्ज ज्याला एसडीएल म्हणतात, कंपन्यांचे किंवा सरकारी कंपन्यांचे बॉन्ड, ईटीएफ (शेअरसारखे बाजारात विकले जाणारे फंड) असलं काही असेल तर कस्टोडियन हवाच.

मग एक दिवस बसा अन् यादी करा. प्रत्येक रोख्याचा आयएसआयएन नंबर, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, बारा अक्षरांचा, आपल्याकडचे सगळे आयएनपासून सुरू होतात. दर्शनी किंमत, व्याजदर, व्याजाच्या दोन तारखा, मुदत, अन् सध्या कुठल्या खात्यात आहे. ही यादी तुमच्या कॅशबुकावरून करा, ब्रोकरनं पाठवलेल्या एक्सेल शीटवरून नको. आमची यादी केली तेव्हा दोन बॉन्ड असे निघाले जे कॅशबुकात होते पण कुठल्याच डिमॅट खात्यात नव्हते, चार दिवस झोप उडाली होती, शेवटी कळलं की ते मुदतीआधीच परत दिले गेले होते अन् पैसे जमा झालेत पण नोंद कुणी काढलीच नाही. यादी नसती तर निविदेत काय लिहिलं असतं काय की.

पात्रता सोपी आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या १९९६ च्या कस्टोडियन नियमावलीखाली नोंदणी पाहिजे, नोंदणीकृत कस्टोडियनची यादी सेबीच्या वेबसाइटवर आहे, ती बघा, कुणाच्या व्हिजिटिंग कार्डावर विश्वास नको. स्टॉक होल्डिंग कॉर्पोरेशन आहे, एचडीएफसी, आयसीआयसीआय, अॅक्सिस, कोटक या बँका आहेत, एसबीआय-एसजी आहे, ऑर्बिस आहे, परदेशी बँकाही आहेत. बहुतेकांची मुख्य ऑफिसं मुंबईत, आपल्याकडची स्थानिक शाखा म्हणजे फक्त फॉर्म घेऊन पुढं पाठवणारी, तर "आमची तुमच्या गावात शाखा आहे" याला जास्त मार्क देऊ नका. अन् तुमचा फंड मॅनेजर ज्या ग्रुपचा आहे त्याच ग्रुपचा कस्टोडियन नको, वखारीचा मालक आडत्याचा मेहुणा असला की काय होतं ते सांगायची गरज नाही.

प्रश्न विचारायला बसलात की पहिला प्रश्न हा, रोखे कुणाच्या नावावर राहणार? कंपन्यांचे बॉन्ड अन् शेअर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरींच्या, म्हणजे रोख्यांचा हिशोब संगणकावर ठेवणाऱ्या संस्थांच्या, डिमॅट खात्यात राहतात, ते खाते ट्रस्टच्या स्वतःच्या नावानं हवं, अनेक गिऱ्हाईकांच्या एकत्र पूल खात्यात नको. सरकारी रोख्यांचं थोडं वेगळं आहे, ते रिझर्व्ह बँकेच्या वहीत राहतात पण तिथं तुमचं थेट खातं नसतं, कस्टोडियनच्या सीएसजीएल खात्यात तुमचं गिल्ट खातं असतं, म्हणजे वरून बघितलं तर सगळ्या गिऱ्हाईकांचे रोखे एका ढिगात, त्यातले तुमचे किती हे कस्टोडियनच्या वहीवर. म्हणून गिल्ट खात्याचं स्टेटमेंट दर महिन्याला, अन् वर्षाच्या शेवटी त्याच्या ऑडिटरच्या सर्टिफिकेटसकट मागा. डिमॅटचं मात्र तुम्ही स्वतः एनएसडीएलच्या आयडियाज किंवा सीडीएसएलच्या इझीवर लॉगिन करून बघू शकता, कुणाला फोन करायचं काम नाही, हे लॉगिन पहिल्याच आठवड्यात काढून घ्या.

दुसरा, पैसे अन् रोखे एकाच वेळी हात बदलणार का? याला डीव्हीपी म्हणतात, रोखे आले तरच पैसे जाणार. कस्टोडियननं कधीही आधी पैसे सोडायचे नाहीत हे करारात लिहून घ्या. पॉवर ऑफ अॅटर्नी मागितली तर शब्द न् शब्द वाचा, २०१९ च्या कार्व्ही या ब्रोकरच्या प्रकरणात गिऱ्हाईकांचे शेअर परस्पर तारण ठेवले गेले होते अन् ते डिमॅटमधेच होते, म्हणजे नुसतं डिमॅट म्हणजे सुरक्षित असं नाही. तारण ठेवायचा, उसने द्यायचा अधिकार कुठंही नको.

आता सह्यांची गोष्ट, याच्यावर कुणीच बोलत नाही अन् आपल्या नगरपालिका महापालिकांत सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. आमच्याकडं सह्यांचा अधिकार आयुक्त अन् मुख्य लेखाधिकारी यांच्या नावानं दिलेला, नावानं म्हणजे खरंच नावानं. एका शुक्रवारी आयुक्तांची बदली झाली, नवे साहेब रुजू व्हायला आठवडा लागला, इकडं सोमवारी मोठा बॉन्ड मुदत संपून परत आला, पैसे परत गुंतवायचे म्हणून फॅक्स गेला, कस्टोडियननं परत पाठवला की सही जुळत नाही, ठराव पाठवा, ठरावाला मीटिंग पाहिजे, मीटिंगला नवे साहेब पाहिजेत. ११ दिवस पैसे चालू खात्यात बिनव्याजी पडून होते. चूक कस्टोडियनची नव्हतीच, त्यानं बरोबरच केलं, चूक आमच्या ठरावाची. तर ठराव पदनामानं करा, तीन पदनामं ठेवा, त्यातल्या कुठल्याही दोघांच्या सह्या चालतील असं लिहा, त्यातलं एक तरी पद असं ठेवा ज्याची बदली होत नाही, जसं की कर्मचारी प्रतिनिधी ट्रस्टी. अन् निवडताना कस्टोडियनला विचारा की नवीन सही तुमच्या सिस्टिमला चढायला किती दिवस लागतात. कुणी दोन दिवस म्हणतो, कुणी पंधरा. दरात पाच हजाराचा फरक असला तरी मी दोन दिवसवाला घेईन.

व्याज जमा करणं हे कस्टोडियनचं रोजचं काम, पण लक्ष तुमचं पाहिजे. समजा तुमच्याकडं ७.१८ टक्क्यांचा २०३३ चा केंद्राचा रोखा १० कोटींचा आहे, तर १४ फेब्रुवारी अन् १४ ऑगस्टला प्रत्येक वेळी ३५ लाख ९० हजार यायला पाहिजेत, त्या दिवशी सुट्टी असली तर पुढच्या कामाच्या दिवशी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळ्या रोख्यांच्या अशा तारखा लिहून ठेवा, हसू नका, आमच्या हेडक्लार्क मॅडमनी लाल पेनानं लिहिलेल्या होत्या म्हणून एका एसडीएलचं व्याज आलं नाही हे तिसऱ्याच दिवशी कळलं. बँक विलीन झाली, आयएफएससी बदलला, कस्टोडियनकडं जुनाच होता. व्याज तीन दिवस चुकलं तर काय, किती दंडव्याज, हे करारात पाहिजे. टीडीएसचं पण विचारा, फंडाला आयकरातून सूट असेल तर ते सर्टिफिकेट कंपन्यांपर्यंत कोण पोचवणार, ते नाही पोचलं की कंपनी टीडीएस कापून मोकळी होते अन् तुम्ही वर्षभर रिफंडच्या मागं.

दर. साधारण मालमत्तेवर बेसिस पॉइंटमधे सांगतात, एक बेसिस पॉइंट म्हणजे शंभर रुपयांवर वर्षाला एक पैसा. ८० कोटींच्या फंडाला एक बेसिस पॉइंट म्हणजे वर्षाला ८० हजार. ऐकायला स्वस्त वाटतं, पण खाली बारीक अक्षरात प्रत्येक व्यवहाराला वेगळे, डिपॉझिटरीचे वेगळे, किमान मासिक फी वेगळी, वरून जीएसटी १८ टक्के. म्हणून निविदेत तुमच्या मागच्या वर्षीच्या व्यवहारांची संख्या द्या अन् सगळं धरून वर्षाची एकूण रक्कम मागा. अन् नुसत्या एल वनवर, म्हणजे सगळ्यात कमी दरावर, जाऊ नका, तांत्रिक गुणांना जास्त वजन ठेवा, सायकल स्टँडचं टेंडर नाही हे. तांत्रिक मार्क देताना दुसऱ्या दोन तीन पीएफ ट्रस्टना फोन करा, आम्ही एकच प्रश्न विचारला होता, गडबड झाल्यावर तिकडून माणूस बोलतो का कॉल सेंटर? एका ठिकाणचा क्लार्क इतका हसला की उत्तर तिथंच मिळालं.

करारात अजून दोन तीन जागा. त्यांच्या हलगर्जीपणानं नुकसान झालं तर भरपाई पूर्ण, "एका वर्षाच्या फीइतकी मर्यादित" असलं वाक्य आलं की खोडा. फी थकली तर फक्त फीपुरता हक्क, सगळ्या रोख्यांवर नाही. सोडून जायची नोटीस तुम्हाला ३० दिवसांची, त्यांना किमान ९० ची, कारण तुम्हाला परत सगळी निविदा काढायची असते अन् मधे आचारसंहिता लागली तर विचारूच नका.

नेमल्यावर पहिले तीन महिने दर महिन्याला तीन कागद शेजारी ठेवा, कस्टोडियनचं स्टेटमेंट, फंड मॅनेजरचं स्टेटमेंट अन् आपलं रजिस्टर. एक रुपयाचा फरक असला तरी लेखी पत्र. मॅनेजरचं स्टेटमेंट कस्टोडियनकडून मागवू नका अन् कस्टोडियनचं मॅनेजरकडून तर अजिबातच नको, दोघांनी सरळ तुमच्या ऑफिसला पाठवायचं.

जुन्या कस्टोडियनकडून नव्याकडं रोखे नेत असाल तर व्याजाच्या तारखेच्या आसपासचा आठवडा टाळा, अन् सगळं एकदम नेऊ नका, आधी एक छोटा रोखा पाठवून बघा, नव्या खात्यात दिसला की मग बाकीचे. जुनं खातं लगेच बंद करू नका. आम्ही बंद केलं अन् सव्वा महिन्यानं एका बॉन्डचं व्याज त्याच बंद खात्याकडं गेलं, ते परत आणायला मुंबईच्या दोन चकरा, देवगिरी एक्सप्रेसनं.