बॅरिअ‍ॅट्रिक ऑपरेशनच्या आधीचं डाएट: या चुका टाळा

बॅरिअ‍ॅट्रिक, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठरावर करायच्या, ऑपरेशनची तारीख ठरली की डाएटिशियन हातात एक कागद देते. रोज ८०० ते १००० कॅलरी, प्रथिनं ६० ते ८० ग्रॅम, साखर-भात-बटाटा बंद, मुदत दोन आठवडे. माझ्याही हातात दिला होता. मी त्याची घडी घालून पर्समध्ये टाकली आणि रिक्षात बसल्या बसल्या मैत्रिणीला फोन लावला, "पंधरा दिवसांत सहा किलो उतरवायचेत गं." कागदावर सहा किलो असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. पुढे मी केलेल्या आणि इतरांना करताना पाहिलेल्या निम्म्या चुका या एका गैरसमजातून झाल्या.

हे डाएट लिव्हरसाठी असतं. लिव्हरचा डावा भाग जठराच्या वरच्या टोकावर पसरलेला असतो. स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढणं) असो की बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडणं), दुर्बिणीतून काम करताना सर्जनना आधी तो उचलून धरावा लागतो. आपल्यासारख्या बहुतेकांचं लिव्हर चरबीनं फुगलेलं, जड आणि ठिसूळ असतं. उचलताना त्याला चीर जाते, रक्त येतं, खालचं नीट दिसत नाही. कधी पोट उघडून ऑपरेशन करावं लागतं, कधी ते अर्ध्यावर थांबवावं लागतं. पिष्टमय पदार्थ कमी केले की लिव्हर आधी स्वतःतला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, वापरायला काढतं. त्याच्या एकेक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही जातं आणि पाठोपाठ चरबी हलते. २००६ साली ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना १२ आठवडे असं डाएट दिलं होतं. त्यांचं लिव्हर जेवढं आकसलं, त्यातलं ८० टक्के पहिल्या दोन आठवड्यांतच आकसलं होतं. कागदावरचे दोन आठवडे उगाच आलेले नाहीत.

"आता पुन्हा कधी खाणार?"

तारीख कळताच नातेवाईक जेवायला बोलावतात. मिसळ, पुरणपोळी, बिर्याणी, शेवटची पाणीपुरी. निरोप समारंभच तो. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही, खाण्याशी आपलं नातं जुनं असतं आणि ते तुटताना रडू येतं. निरोप घ्यायचाच असेल तर डाएट सुरू होण्याआधी घ्या. मधल्या दिवसांत एक पुरणाचं जेवण झालं की रिकामा होत आलेला ग्लायकोजेनचा साठा पुन्हा भरतो आणि त्याच्याबरोबर पाणीही परत येतं.

उपास करून भागवणं

ही खास आपली चूक. "डाएटच करायचंय ना, मग एकादशी, गुरुवार, शनिवार सगळं धरते." उपास म्हणजे घरोघरी साबुदाणा, वरी, रताळं आणि वर केळं. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. लिव्हरला जे मिळू द्यायचं नाही, नेमकं तेच ताटात. कडक निर्जळी तर त्याहून वाईट: पाणी नाही, प्रथिनं नाहीत, औषधं रिकाम्या पोटी. प्रथिनं कमी पडली की शरीर स्नायू मोडून खातं आणि ऑपरेशननंतर जखम भरायला जे हवं तेच हाताशी राहत नाही. माझी आई म्हणाली होती, "अगं, एवढंसं खाऊन ऑपरेशन झेपेल का तुला?" तिचं बरोबर होतं, फक्त तिचा उपाय शिऱ्याचा होता.

वरणाचं पाणी आणि चुकीचा डबा

६० ग्रॅम प्रथिनं ऐकायला सोपं वाटतं. शाकाहारी घरात ती जमवताना घाम फुटतो. एक वाटी पातळ वरणात डाळ असते जेमतेम १५ ग्रॅम, म्हणजे प्रथिनं तीन-चार ग्रॅम. अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८. पनीर साध्या दुधाचं घेतलं तर चरबीमुळे कॅलरी पटकन भरतात, म्हणून कमी चरबीचं घ्या. सोयाबीनच्या वड्या इथे खूप कामाला येतात: कोरड्या वजनाच्या निम्मी प्रथिनंच असतात. मोड आलेल्या मुगाची उसळ खा, पण वर फरसाण नको.

बाकी पावडरीवर भागवतात आणि तिथे मी फसले. मेडिकल दुकानातून मोठा, चकचकीत डबा आणला. तीन दिवस मन लावून प्यायले. चौथ्या दिवशी डबा उलटा करून बारीक अक्षर वाचलं, तर एका मापात प्रथिनं १५ ग्रॅम आणि कार्बोहायड्रेट ५० च्या वर. ते वजन वाढवायचं मास गेनर होतं! विकत घ्यायच्या आधी मागचा तक्ता बघा. चांगल्या व्हे प्रोटीनच्या ३० ग्रॅमच्या मापात २० ते २५ ग्रॅम प्रथिनं आणि कर्बोदकं अगदी थोडी असतात. मुलांच्या दुधात घालायची माल्टची पावडर म्हणजे प्रथिनं नव्हेत. मध-लिंबूपाणी, शहाळं, फळांचा रस हेही "हलकं" म्हणून चालवून घेऊ नका.

मधुमेहाच्या गोळ्या आहेत तशाच चालू ठेवणं

सगळ्यांत धोक्याची चूक ही. जेवण निम्म्यावर आलं आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड जुन्याच मात्रेत राहिलं, तर शुगर कोसळते. दरदरून घाम, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी. ग्लुकोमीटर ७० च्या खाली दाखवत असेल तर डाएट मोडेल म्हणून बसून राहू नका. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा आणि डॉक्टरांना फोन करा. डाएट सुरू करायच्या आधीच मात्रा कमी करून घ्यायची असते, पडल्यावर नव्हे.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांची गोष्ट वेगळी. कमी कर्बोदकांच्या डाएटवर त्यांच्यामुळे रक्तात कीटोन साठून आम्लता वाढू शकते आणि फसवी गोष्ट अशी की मीटरवर शुगर फारशी वाढलेली दिसत नाही. उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणं दिसली तर घरी थांबू नका. ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी त्या बंद करतात. डाएटच्या दिवसांत चालू ठेवायच्या की नाही, हे डॉक्टर ठरवतील. बीपीच्या गोळ्यांचंही तसंच, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या. उठताना चक्कर येऊ लागली की बीपी मोजा आणि कळवा.

वजन कमी करायची इंजेक्शनं आता इथेही मिळतात, मौन्जारो आणि वेगोव्ही २०२५ मध्ये भारतात आली. घेत असाल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना शेवटच्या डोसची तारीख सांगा. जठर सावकाश रिकामं होत असल्यामुळे भुलेत अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

तिसऱ्या दिवशी हार मानणं

डोकं दुखतं, चिडचिड होते, तोंडाला विचित्र वास येतो. बहुतेकांचं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हेच होतं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी भूकही बरीच ओसरते. दिवसात दोन-अडीच लिटर पाणी, बीपी किंवा किडनीचं पथ्य नसेल तर चिमूटभर मीठ घातलेलं पातळ ताक, भाज्यांचं गाळलेलं सूप, यानं डोकेदुखी हटते. बद्धकोष्ठतेला बिनसाखरेचा इसबगोल आणि त्यावर भरपूर पाणी. पाणी कमी पडलं तर इसबगोल उलटा त्रास देतो.

पहिल्या चार दिवसांत काटा झरझर उतरतो, मग अडतो. कारण वर सांगितलंच आहे, आधी गेलं ते बरंचसं पाणी होतं. अडलेला काटा पाहून जेवण आणखी तोडू नका. पाळी जवळ आली असेल तर काटा वरही जाईल. मी तर सातव्या दिवशी काटा पलंगाखाली सरकवला.

लपवणं

चुकून लग्नात दोन जिलब्या खाल्ल्या, सांगितलं तर तारीख जाईल, म्हणून गप्प. दोन जिलब्यांनी तारीख जात नाही. आठ दिवस डाएट झालंच नसेल तर मात्र सर्जनना आधी कळलेलं बरं, नाहीतर कॅमेरा आत गेल्यावर दिसतंच. मिश्रीचं लपवणं याहून गंभीर. सिगारेटबद्दल विचारलं जातं, पण घरातल्या बायकांना मिश्रीबद्दल कोणी विचारत नाही आणि त्या सांगत नाहीत. तीही तंबाखूच. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, टाक्यांची जागा सावकाश भरते, पुढे अल्सर होतो. हे निदान सहा आठवडे आधी सुटायला हवं.

विम्याच्या भीतीनं वजन न उतरवणं

आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसींमध्ये बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, तो आकडा) ४०, किंवा ठरावीक गंभीर आजारांबरोबर ३५, अशी अट असते. उंची १६० सेंटिमीटर असेल तर ४० म्हणजे साधारण १०२ किलो. १०४ किलोचा माणूस घाबरतो: डाएटनं ९९ वर आलो तर क्लेम जाईल का? डाएट टाळणं हा उपाय नाही. पहिल्या भेटीच्या दिवशीच उंची, वजन आणि बीएमआय तारखेसह फाइलमध्ये लिहून घ्या, डाएट सर्जनच्या सांगण्यावरून चालू आहे हेही लिहून घ्या आणि टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीनं क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडून) उत्तर लेखी मागा.

व्यायामाचं थोडक्यात: या पंधरवड्यात जिम सुरू करायचं नाही, अर्धा तास चाला. तीन छोट्या चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र मिळालं असेल तर ते शोकेसमध्ये ठेवायला दिलेलं नाही, आत्तापासून रोज त्यातून श्वास ओढा. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुखऱ्या पोटानं ते पहिल्यांदा शिकणं फार जड जातं. आणि झोपेत श्वास अडतो म्हणून सीपॅप वापरत असाल तर मशीन आणि मास्क दोन्ही बॅगेत आधी भरा, कपडे नंतर.