पेस, स्पीड आणि पावलं: नवशिक्या पळणाऱ्यांनो, या चुका टाळा

कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या पदपथावर कुणी छाती पुढं काढून "आपला पेस बारा हाय" म्हणालं, तर समजायचं की गडी स्पीड सांगतोय. १२ चा पेस म्हणजे एका किलोमीटरला बारा मिनिटं, म्हणजे ताशी पाच किलोमीटर. एवढं तर भाजी आणायला निघालेला माणूसही चालतो. स्पीड म्हणजे तासाला किती किलोमीटर आणि पेस म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं. ६० ला एकानं भागलं की दुसरा मिळतो. पण नवं घड्याळ आलं की पहिल्यांदा स्क्रीनशॉट टाकायची घाई, भागाकार कोण करणार?

भरतीची पोरं यात सगळ्यात जास्त मार खातात. एका पोरानं १६०० मीटर ५ मिनिटं २० सेकंदांत काढायचं मनाशी पक्कं केलेलं. सराव कुठं, तर जिमच्या ट्रेडमिलवर. यंत्र बारावर लावायचं, ५ मिनिटं २० सेकंद पळायचं आणि "बसलं टायमिंग" म्हणत उतरायचं. अंतराच्या आकड्याकडं त्यानं कधी बघितलंच नाही. तेवढ्या वेळात बाराच्या स्पीडनं १०६७ मीटर होतात. मैदानावर पहिल्यांदा पूर्ण चार फेऱ्या मारल्या, तेव्हा सात मिनिटांच्या पुढं गेला आणि वर मलाच म्हणाला, "ग्राउंड मोठं हाय काय हे?"

तिथंच कट्ट्यावर बसवून हिशेब मांडला. ३२० सेकंद, चार फेऱ्या, म्हणजे ४०० मीटरच्या फेरीला ८० सेकंद. पेस ३ मिनिटं २० सेकंद. स्पीड १८. पोरगं गप्प झालं, मग म्हणालं, "आमच्या जिमचं मशीन सोळाच्या वर जातच नाही." तेव्हापासून ट्रेडमिलवरच्या भरतीच्या तयारीचं कौतुक मी ऐकूनच घेत नाही. मैदानावर जायचं, हातात साधं स्टॉपवॉच, दर फेरीला बघायचं. ॲप नंतर.

दुसरी डोकेदुखी टिंबाची. साडेपाचचा पेस ५.३० असा लिहायचा आणि कॅल्क्युलेटरवर दहानं गुणायचं. उत्तर येतं ५३ मिनिटं, लागतात ५५. मग शेवटच्या किलोमीटरला घड्याळ खोटं वाटायला लागतं. मी वहीत सरळ "साडेपाच" असं अक्षरात लिहितो.

पहिली फेरी ६८ सेकंदांत मारणाऱ्यांशी तर वाद घालणंच सोडलंय. पहिल्या फेरीला वाघ, चौथीला शेळी. त्यांना एवढंच सांगतो, की केनियाचा धावपटू किपचोगे यानं १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर कापलं, ते किलोमीटरमागून किलोमीटर २ मिनिटं ५० सेकंदांच्या आसपास राहून. त्याच्यापुढं पेसर, म्हणजे ठरलेल्या वेगानं पळून वेग धरून देणारे, आलटून पालटून पळत होते, म्हणून तो अधिकृत विक्रम धरला गेला नाही. तुमच्या स्पर्धेतही पाठीवर वेळेचा झेंडा लावलेला पेसर असतो. क्रिकेटवाला पेसर नव्हे, त्याला हरवायचं नसतं. त्याच्या मागं राहायचं.

पावलं मोजून अंतर काढणाऱ्यांनो, जुन्या रोमन हिशेबात एक पेस म्हणजे दोन पावलं, डावा पाय टेकल्यापासून पुन्हा डावा टेकेपर्यंत. असे हजार झाले की एक मैल. इंग्रजी पुस्तकातला 'पेस' एक पाऊल की दोन, हे आधी बघा, नाहीतर अंतर निम्मं नाहीतर दुप्पट निघेल.

मिनिटाला किती पावलं पडतात, ती केडन्स. पेस नव्हे.

पन्हाळ्याच्या चढावर रंकाळ्याचा पेस मागू नका.

आणि दाट झाडीखाली घड्याळातला चालू पेस ४ वरून ७ वर उड्या मारत असेल, तर घाबरून वेग बदलू नका. जीपीएस सिग्नलची गडबड असते ती. मी स्क्रीनवर फक्त लॅपचा, म्हणजे चालू टप्प्याचा सरासरी, पेस ठेवतो, क्षणाक्षणाच्या पेसचा रकाना काढूनच टाकलाय.